साहेब, माझ्याजवळ पिस्तूल आहे

डेट्रॉइटहून टोलेडोला जायला इंटरस्टेट ७५ वरून तासभर पुरतो. वाटेत मिशिगन संपतं आणि ओहायो सुरू होतं. एक पाटी मागे पडते. बाकी रस्ता तोच, दोन्हीकडची सपाट शेतं तीच. पण कमरेला पिस्तूल लावून गाडी चालवणाऱ्या माणसाच्या अंगावरचं एक कायदेशीर ओझं या पाटीपाशी उतरतं. मिशिगनमध्ये पोलिसानं गाडी अडवली, तर त्यानं काही विचारायच्या आधी, ताबडतोब, आपल्याजवळ शस्त्र असल्याचं सांगावं लागतं. सांगितलं नाही तर पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित. पुन्हा चुकलं तर १,००० डॉलर आणि परवानाच रद्द. ओहायोत जून २०२२ पासून हा नियम नाही. तिथं पोलिसानं विचारलं तरच सांगायचं, आणि विचारलं तर खरं सांगायचं.

अमेरिकेत असे नियम राज्यागणिक बदलतात. अलास्का, नेब्रास्का, नॉर्थ कॅरोलायना ही राज्यं मिशिगनच्या पंगतीतली: न विचारता सांगा. फ्लोरिडा, मिनेसोटा इथं विचारेपर्यंत गप्प राहिलात तर गुन्हा नाही. टेक्सासचा नियम असा, की पोलिसानं ओळखपत्र मागितलं तर सोबत शस्त्रपरवानाही दाखवायचा. मात्र न दाखवणाऱ्याला असलेली शिक्षा २००९ मध्येच काढून टाकली. पुढे १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासनं परवान्याची अटही उठवली. म्हणजे ज्यानं परवाना काढलाय त्यानं तो दाखवायचा, आणि ज्यानं काढलाच नाही त्याच्याजवळ दाखवायला काही नाही. मेन राज्यात तर आणखी मजा. परवाना असेल तर आपणहून सांगायची गरज नाही; विनापरवाना शस्त्र बाळगत असाल (तेही तिथं २०१५ पासून कायदेशीर आहे) तर मात्र लगेच सांगायचं.

हा प्रश्न आपल्याला परका वाटतो, कारण आपल्याकडे तो जवळजवळ उद्भवतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १९ नुसार पोलीस परवाना मागू शकतात आणि तो दाखवावा लागतो. शस्त्राचा परवाना मिळवणं हीच मुळात जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या दारातली वर्षानुवर्षांची वारी. नाकाबंदीत गाडी अडवणाऱ्या हवालदाराच्या डोक्यात हेल्मेट असतं, पीयूसी असतं, फार तर दारूचा वास असतो. समोरच्या माणसाच्या खिशात पिस्तूल असेल ही शंका त्याला सहसा शिवत नाही. म्हणून तर आपण शिट्टी ऐकली की गाडी बाजूला घेतो, दार उघडून खाली उतरतो आणि दोन पावलं पुढे जाऊन 'काय झालं साहेब' म्हणतो. तो आपल्याकडचा अदब आहे. अमेरिकेत नव्यानं गेलेल्या मराठी माणसाला ओळखीचे लोक सर्वांत आधी जी तंबी देतात ती याच सवयीबद्दल: मागे निळे-लाल दिवे लुकलुकले की गाडी कडेला घे, आणि खाली उतरू नकोस. वाकून डॅशबोर्डचा कप्पा उघडू नकोस. हात स्टिअरिंगवर ठेव, दिसतील असे.

दिसतील असे हात का हवेत, याचं उत्तर आकड्यात आहे. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेनं २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका-पिस्तुलं आहेत. माणसांपेक्षा जास्त. १९८७ मध्ये फ्लोरिडानं अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना द्यायला सुरुवात केली आणि एकेक राज्य त्या वाटेनं गेलं. २०१३ मध्ये इलिनॉय आलं, तेव्हा लपवून शस्त्र बाळगण्याचा कुठलाच परवाना न देणारं एकही राज्य उरलं नाही. २०२४ पर्यंत तर २९ राज्यांनी परवान्याचीच गरज ठेवली नाही. राहिलेल्या कडक राज्यांना सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२ च्या ब्रुएन निकालानं धक्का दिला: शस्त्र बाळगायला 'खास कारण' दाखवा, असं नागरिकाला म्हणता येणार नाही. न्यू यॉर्कच्या १९११ पासूनच्या कायद्यातली ही अट त्या निकालात कोसळली.

तो निकाल न्यू जर्सीलाही लागू झाला, आणि एडिसनसारख्या गावांत मराठी घरं किती आहेत हे सांगायला नको. राज्यानं त्याच वर्षाच्या अखेरीला नवा कायदा केला. परवाना आता मिळेल. पण गाडी अडवली गेली तर शस्त्र अंगावर असो की गाडीत ठेवलेलं असो, ताबडतोब सांगायचं आणि परवाना दाखवायचा. इथं आणखी एक बाब आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावी अशी. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानं एरवी शस्त्र बाळगताच येत नाही. काही मोजके अपवाद आहेत, शिकारीच्या परवान्याचा त्यातला ठळक. ग्रीन कार्ड हाती आलं की ही बंदी सुटते. त्यामुळे 'सांगू की नको' हा प्रश्न मराठी माणसापुढे यायचाच तर तो तिथं मुरल्यावर येतो.

सांगणारा सुरक्षित आणि लपवणारा गुन्हेगार, असा सरळ हिशेब असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. न्यू जर्सीतलीच २०१३ ची गोष्ट. फिलाडेल्फियात राहणारी, दोन मुलांना एकटीनं वाढवणारी एक बाई. दोनदा लुटली गेली, म्हणून तिनं पिस्तूल घेतलं, पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना काढला. ऑक्टोबरमध्ये ती अटलांटिक सिटीच्या रस्त्यावर होती. वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून गाडी अडवली गेली. तिनं पोलिसाला आपणहून सांगितलं, की पर्समध्ये पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. तिला वाटलं, जसं ड्रायव्हिंग लायसन्स शेजारच्या राज्यात चालतं तसा हाही चालेल. न्यू जर्सी पेनसिल्व्हेनियाचा शस्त्रपरवाना मानत नाही. तिला तिथंच अटक झाली. महिन्याहून अधिक काळ ती तुरुंगात होती आणि डोक्यावर किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार. बराच गदारोळ झाल्यावर सरकारी वकिलानं खटला टाळणाऱ्या सुधार-योजनेत तिला जागा दिली, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली. ती बोलली नसती, तर त्या रात्री ती बहुधा एक चलन घेऊन घरी गेली असती.

ओहायोतल्या कँटन शहरात उलटं घडलं. जून २०११ मधली रात्र. तिथं तेव्हा शस्त्राबद्दल 'तत्परतेनं' सांगायचा नियम होता आणि चुकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. तत्परतेनं म्हणजे किती सेकंदांत, हे कायद्यात नव्हतं. पोलीस आधी गाडीजवळच्या इतर दोघांशी बोलत राहिला. चालक परवाना हातात धरून बोलायचा प्रयत्न करत होता, त्याला गप्प बसवलं जात होतं. शेवटी त्याला सांगता आलं, तेव्हा पोलिसाचा तोल सुटला: आधी का नाही सांगितलंस, मी तुला तिथंच गोळ्या घालायला हव्या होत्या. हे सगळं पोलिसाच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यानं टिपलं, आणि गुन्हा दाखल झाला तो चालकावर. पुढे ओहायोच्या शस्त्रधारकांनी हा नियम घालवायचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्या हातात हा व्हिडिओ होता. पोलीस संघटनेचा विरोध असतानाही मार्च २०२२ मध्ये गव्हर्नर माइक डिवाइन यांनी बदलावर सही केली.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. अंधारात, एकट्यानं, अनोळखी गाडीच्या मागून चालत खिडकीपर्यंत जायचं, आत कोण बसलंय ते ठाऊक नाही. अशा वेळी माणसाला माहिती हवी असते, आणि जो आपणहून देतो तो सहसा घात करणारा नसतो. न्यायालयांनीही ही भीती मान्य केली आहे. १९७७ च्या पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की किरकोळ कारणानं अडवलेल्या चालकालाही पोलीस गाडीबाहेर उतरवू शकतो. त्या चालकाच्या कोटाखाली फुगवटा दिसला होता आणि तिथं पिस्तूल निघालं होतं. २०१७ मध्ये चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयानं आणखी पुढची पायरी गाठली: रीतसर अडवलेल्या माणसाकडे शस्त्र असल्याची रास्त शंका असेल, तर अंगझडती घेता येते, मग ते शस्त्र कायदेशीर का असेना. ज्याच्याजवळ शस्त्र तो त्या क्षणापुरता धोकादायक. याचा चालकाच्या बाजूनं अर्थ असा, की एका हातानं राज्य शस्त्र बाळगायचा हक्क देतं आणि दुसऱ्या हातानं, तो हक्क वापरतोय असं कळताच, झडती घेतं. प्रामाणिकपणे सांगणं म्हणजे त्या झडतीला आपणच आमंत्रण.

आणि भीती किती खरी? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी काढलेल्या हिशेबाप्रमाणे अमेरिकेत रोज ५० हजारांहून जास्त चालकांना अडवलं जातं. जॉर्डन ब्लेअर वूड्स या कायद्याच्या प्राध्यापकानं फ्लोरिडातल्या दोनशेहून अधिक पोलीस विभागांची दहा वर्षांची नोंद तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला: नेहमीच्या वाहतूक तपासणीत पोलिसाचा खून होण्याचं प्रमाण ६५ लाखांत एक. पोलीस प्रशिक्षणात मात्र जी चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली जाते ती त्या एकाची. उलट बाजूचा आकडा न्यू यॉर्क टाइम्सनं २०२१ मध्ये छापला. आधीच्या पाच वर्षांत अमेरिकी पोलिसांनी अशा ४०० हून अधिक चालक-प्रवाशांना मारलं होतं, ज्यांच्या हातात ना बंदूक होती ना सुरा, आणि ज्यांचा कुठल्या हिंसक गुन्ह्यासाठी पाठलागही चालू नव्हता.

फिलांडो कॅस्टिल हे नाव यानंतर टाळता येत नाही. वय ३२. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात एका माँटेसरी शाळेच्या भोजनगृहाचा तो पर्यवेक्षक होता. शेकडो मुलांची नावं आणि कोणाला दूध चालत नाही हे त्याला पाठ, असं शाळेतले लोक सांगत. २०१५ मध्ये हेनेपिन काउंटीच्या शेरीफनं त्याला शस्त्रपरवाना दिला होता. आणखी एक नोंद त्याच्या नावावर होती. चौदा-एक वर्षांत पोलिसांनी त्याची गाडी किमान ४६ वेळा अडवली होती, बहुतेक बारीकसारीक कारणांनी. दंडांची बेरीज ६,००० डॉलरच्या वर. म्हणजे गाडी अडवल्यावर कसं वागायचं, हे त्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती.

६ जुलै २०१६, रात्रीचे नऊ वाजून गेलेले, फाल्कन हाइट्स नावाचं उपनगर, लार्पेंटर अव्हेन्यू. शेजारी मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची मुलगी. हेरोनिमो यानेझ या पोलिसानं रेडिओवर सहकाऱ्याला कळवलं होतं, की चालक एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, नाक रुंद आहे. कॅस्टिलला मात्र त्यानं सांगितलं, ब्रेक लाइट बंद आहे. लायसन्स आणि विमा दाखव. कॅस्टिलनं विम्याचं कार्ड दिलं. मग शांतपणे, सर म्हणून, सांगितलं, की मला तुम्हाला कळवायला हवं, माझ्याजवळ शस्त्र आहे. यानेझ म्हणाला, ठीक आहे, मग त्याला हात लावू नकोस. कॅस्टिल काही सांगू लागला. बाहेर काढू नकोस. मी काढत नाहीये. तो काढत नाहीये, मैत्रीणही म्हणाली. बाहेर काढू नकोस, यानेझ ओरडला, आणि सात गोळ्या. शस्त्राचा उल्लेख आणि शेवटची गोळी यांत दहा-एक सेकंदं. दुसऱ्या खिडकीशी उभ्या असलेल्या यानेझच्या सहकाऱ्यानं या काळात आपल्या पिस्तुलाला हातही लावला नव्हता. कॅस्टिलचं पिस्तूल त्याच्या अर्ध्या चड्डीच्या खिशात होतं. मॅगझिनमध्ये गोळ्या भरलेल्या, पण चेंबरमध्ये गोळी नाही.

मिनेसोटाचा कायदा काय होता? पोलिसानं विचारलं तर सांगायचं. यानेझनं विचारलं नव्हतं. कॅस्टिल कायद्यानं मागितलं त्यापेक्षा जास्त देत होता.

ज्युरीनं पाच दिवस खल करून १६ जून २०१७ ला यानेझला निर्दोष ठरवलं. त्याची साक्ष होती, की पिस्तूल आपल्याला दिसलं आणि जिवाची भीती वाटली. भीती खरी असेलही. गोळीबाराच्या दोन वर्षं आधी त्यानं 'बुलेटप्रूफ वॉरियर' नावाचं प्रशिक्षण घेतलं होतं, ज्यात प्रत्येक भेटीत हल्ला गृहीत धरायला शिकवतात. माझा आक्षेप त्याच्या भीतीपेक्षा त्या रात्रीच्या क्रमावर आहे. आधी त्यानं कागद मागितले, म्हणजे हात खिशाकडे जायला सांगितला. मग शस्त्राची माहिती कानावर आली. मग हुकूम सुटला, हात लावू नको. कशाला लावू नको ते मोघम. लायसन्स काढायचा हुकूम मागे घेतला गेलाच नाही. दोन्ही हुकूम एकाच हातावर एकाच वेळी लागू होते. हात स्टिअरिंगवर ठेव, हलू नकोस, पिस्तूल कुठे आहे तेवढं तोंडानं सांग: इतकं म्हणायला पाच सेकंदं पुरतात. एवढं न म्हणणाऱ्या पोलिसाला कुठल्याच राज्यात दंड नाही. जिभेवरच्या सगळ्या सक्त्या चालकाच्या आहेत.

बंदुकीच्या हक्कासाठी एरवी आकाशपाताळ एक करणारी नॅशनल रायफल असोसिएशन दोन दिवस गप्प होती. मग निवेदन आलं, त्यात कॅस्टिलचं नाव नव्हतं. मिनेसोटाचे गव्हर्नर मार्क डेटन यांनी उघड विचारलं, की गाडीत गोरी माणसं असती तर हे झालं असतं का, आणि आपणच उत्तर दिलं: मला नाही वाटत. या उत्तराला जुना इतिहास आहे. १९५६ मध्ये माँटगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला होता. तो नाकारला गेला. १९६७ मध्ये ओकलंडचे ब्लॅक पँथर्स उघड बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागले. ते तेव्हा कॅलिफोर्नियात पूर्ण कायदेशीर होतं आणि त्यात लपवण्या-सांगण्याचा प्रश्नच नव्हता. काही महिन्यांत तो कायदाच बदलला, आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. काळ्या माणसानं 'माझ्याजवळ शस्त्र आहे' म्हणणं आणि गोऱ्या माणसानं म्हणणं, ही दोन वेगळी वाक्यं म्हणून ऐकली जातात, ही गोष्ट कुठल्या राज्याच्या कायद्यात लिहिलेली नाही. ती सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून गाडी अडवल्यावर कसं वागावं याच्या शस्त्र-प्रशिक्षकांच्या उपदेशात आता नाटकाच्या तालमीसारखी बारकाई आली आहे. गाडी थांबव, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लाव, काच खाली, हात स्टिअरिंगवर. 'गन' हा शब्द पहिल्या वाक्यात उच्चारू नको, ती धमकी वाटते. 'माझ्याजवळ परवाना आहे, शस्त्र अंगावर आहे, मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?' असं विचार. काही जण म्हणतात, तोंड उघडूच नको, लायसन्सच्या खाली परवाना ठेवून दोन्ही कार्डं एकत्र दे. कागदपत्रांसाठी एसीच्या जाळीला अडकवायची पारदर्शक पिशवीही निघाली आहे. इंग्रजीत तिचं नाव 'नॉट रीचिंग', हात कुठेही नेत नाहीये अशा अर्थाचं. कॅस्टिलच्या आईनं, व्हॅलरी कॅस्टिल यांनी, ती वाटायला हातभार लावला. गंमत अशी, की मिशिगनसारख्या राज्यात पोलिसानं संगणकावर नाव टाकलं की परवाना असल्याचं त्याला दिसतंच.

मग ही सक्ती नेमकी कोणासाठी? ज्याला शस्त्र बाळगायची बंदी आहे, असा शिक्षा भोगलेला माणूस आपणहून 'पिस्तूल आहे' म्हणाला तर तो स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देतो, आणि तशी कबुली सक्तीनं घ्यायला राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती आड येते. १९६८ मध्ये हेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा शस्त्राच्या नोंदणीबाबत हेच म्हटलं होतं. म्हणजे ज्याच्याविषयी पोलिसाला खरी धास्ती, तो बोलणार नाही आणि त्याला बोलायला लावणंही अवघड. कायद्याचा धाक उरतो तो परवाना काढून, बोटांचे ठसे देऊन, रांगेत उभं राहिलेल्या माणसाला. मला विचाराल तर बोलणं बहुतेक वेळा शहाणपणाचं आहे, विशेषतः झडतीत पिस्तूल अचानक सापडण्यापेक्षा. पण शहाणपण आणि सक्ती यांत अंतर असावं. विचारण्याची जबाबदारी पोलिसाची हवी, आणि ती कागद मागण्याच्या आधीची हवी. ओहायो त्या दिशेला अर्धं अंतर गेलं आहे.

कॅस्टिल जिथं मारला गेला त्या रॅमसी काउंटीत दुसऱ्याच टोकाकडून सुरुवात झाली. यानेझवर खटला भरणारे काउंटी ॲटर्नी जॉन चोई यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं, की सार्वजनिक सुरक्षेशी संबंध नसलेल्या किरकोळ कारणांवरून गाडी अडवून जे गंभीर गुन्हे बाहेर काढले जातात, ते खटले आपलं कार्यालय एरवी चालवणार नाही. त्याआधी २०१७ पासून मिनेसोटात 'लाइट्स ऑन' हा उपक्रम सुरू झाला होता. दिवा बंद असलेल्या गाडीच्या चालकाला पोलीस चलनाऐवजी एक कुपन देतो. ते घेऊन गॅरेजमध्ये गेलं की दिवा फुकट बसवून मिळतो. चांगली योजना आहे, लोक खूश होऊन घरी जातात. कुपन देण्यासाठी मात्र पोलिसाला गाडी अडवावीच लागते, आणि उतरून खिडकीपर्यंत चालत यावं लागतं.